पोटातल्या बाळाची खबर: दहा दाणे, एक टेप आणि एक गाडी

लोहगडाखालची लोहगडवाडी ते मळवली स्टेशन हे अंतर सात-आठ किलोमीटरचं. उन्हाळ्यात मोटरसायकलवरून माणूस अर्ध्या तासाच्या आत खाली पोचतो. जुलैतल्या रविवारी किती वेळ लागतो, ते वाडीतल्या कुणालाही विचारा. भाज्यापासून गायमुख खिंडीपर्यंत गड पाहायला आलेल्यांची गाडीला गाडी लागलेली असते, धुक्यात पुढचं वळण दिसत नाही आणि मोबाइलची रेंज येते-जाते. जुलै 2025मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गडाचा मान वाढला, गर्दीही वाढणार. घाट मात्र तेवढाच राहणार.

अशा गावात घरात कुणी गरोदर असेल, तर पोटातल्या बाळाची खबर घरानेच ठेवावी लागते. त्यासाठी महागडं यंत्र लागतं असा समज आहे. प्रत्यक्षात सुरुवातीची बरीचशी खबर कॅलेंडर, टेप, बी.पी.चं मशीन आणि आईची स्वतःची जाणीव यांतून मिळते. अवघड असतं ते पुढचं. काहीतरी बिघडल्याची शंका आल्यावर घरात कुणीतरी म्हणतं, ‘‘सकाळी बघू.’’ हा लेख त्या दोन शब्दांविरुद्ध आहे. तो गरोदर बाईने वाचावाच, पण तिच्या सासूने आणि नवऱ्याने आधी वाचावा.

आधी तारीख पक्की करा

आशाताई विचारतात, ‘‘शेवटची पाळी कधी आली होती?’’ उत्तर बहुतेकदा सणावरून येतं: नवरात्राच्या आसपास, भात कापायच्या आधी. हे उत्तर चांगलंच आहे. घरातलं कॅलेंडर काढा, तो सण शोधा आणि पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती पेनाने गोल करा. त्यात 9 महिने आणि 7 दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते.

समजा पाळी 5 ऑक्टोबरला आली होती. तारीख निघते 12 जुलै. 28 आठवडे पूर्ण होतात 19 एप्रिलला आणि 37 आठवडे 21 जूनला. म्हणजे पूर्ण दिवसांचं बाळंतपण ऐन पावसात येणार, हे दिवाळीतच कळलं. आता कुठे राहायचं, गाडी कोणाची, याचा विचार करायला आठ महिने हातात आहेत.

तारीख चुकली की पुढचं सगळं माप चुकतं. सातव्या महिन्याचं बाळ आठव्याचं धरलं तर ते उगाच लहान वाटतं, आणि खरंच वाढ खुंटलेलं बाळ ‘दिवस कमी असतील’ म्हणून सुटून जातं. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून दिवस पक्के करून घ्या. जितका उशीर, तितका अंदाज ढोबळ होत जातो.

नावनोंदणीही पहिल्या 12 आठवड्यांतच करा. त्यानंतर 14 ते 26 आठवड्यांत एक, 28 ते 34 आठवड्यांत एक आणि 36 नंतर एक, अशा निदान चार तपासण्या सरकारी वेळापत्रकात आहेत. जागतिक आरोग्य संघटना 2016पासून आठ भेटी सांगते. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासूनच्या प्रत्येक 9 तारखेला कॅलेंडरवर खूण करून ठेवा. भात लावणीच्या दिवसांत मजुरी बुडेल म्हणून पहिली टाळली जाते ती हीच खेप.

शिंप्याची टेप काय सांगते

उपकेंद्रातली सिस्टर पोटावर टेप लावते, तेव्हा ती गर्भाशयाची उंची मोजत असते. ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत जितके सेंटीमीटर, साधारण तितके आठवडे. हा हिशेब 24 आठवड्यांच्या पुढे बऱ्यापैकी जुळतो. 28 आठवड्यांना 28च्या आसपास, 32 आठवड्यांना 32च्या आसपास.

मोजण्याआधी लघवी करून यायची, नाहीतर भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं. जाणती सिस्टर टेपची सेंटीमीटरची बाजू पोटाकडे ठेवते, टोक बोटाने पकडते आणि मग टेप उलटून आकडा वाचते. आधीच आकडा दिसला तर हात नकळत ‘असायला हवा’ त्या आकड्यावर थांबतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला ही गंमत लगेच कळेल.

एका मापापेक्षा मापांची रांग महत्त्वाची. दर खेपेला कार्डावर आकडा लिहिला आहे का, पाहा. नसेल तर विचारा, ‘‘सिस्टर, या वेळी किती भरलं?’’ आठवड्यांपेक्षा तीन सेंटीमीटर कमी किंवा जास्त असेल, किंवा दोन भेटींत आकडा जागचा हलला नसेल, तर सोनोग्राफीसाठी चिठ्ठी मागा. कमी मापाचा अर्थ वाढ मंदावली किंवा पाणी कमी झालं असा असू शकतो. जास्त मापाचा अर्थ जुळी, पाणी जास्त किंवा साखर. टेप फक्त बोट दाखवते. नेमकं काय, ते डॉक्टर सांगतात.

बाळाची खबर आईच्या अंगात

पोटातल्या बाळाला हवा, पाणी, अन्न सगळं वारेतून मिळतं, आणि वारेला रक्त पोचतं आईचं. म्हणून बाळाची तपासणी आईच्या दंडापासून सुरू होते. तीन गोष्टी प्रत्येक भेटीत झाल्याच पाहिजेत.

बी.पी.: 140/90 किंवा त्याहून वर गेलं तर दुर्लक्ष नको. लघवीत प्रथिनं, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज हे सोबत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. वाढलेल्या दाबात वारेचा रक्तपुरवठा आटतो आणि बाळ आतल्या आत उपाशी राहतं.

हिमोग्लोबिन: 11च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7च्या खाली म्हणजे धोका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. चहा आणि गोळी एकत्र नको. गोळीवर लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर लोह चांगलं अंगी लागतं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

साखर: 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. 140 किंवा त्याहून वर आलं तर पुढचा सल्ला घ्यावा लागतो. बारीक अंगकाठीच्या बाईला साखर कशी असेल, असं म्हणून ही तपासणी सोडू नका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यातून आपल्याकडची बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुढे आलं. अंगकाठीवरून साखरेचा अंदाज बांधणं किती फसवं आहे, ते यावरून लक्षात यावं.

दहा दाणे

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांत जाणवते, आधी मूल झालेलीला थोडी लवकर. 28 आठवड्यांनंतर, म्हणजे घरात ओटीभरणाची तयारी सुरू होते त्या सुमारास, बाळाची एक रीत ठरलेली असते. कुणाचं रात्री जेवणानंतर उसळतं, कुणाचं पहाटे. ही रीत ओळखणं हेच आईचं काम. तिच्याइतकी जवळची नोंद कुठलंच यंत्र ठेवू शकत नाही.

एक सोपी पद्धत. रात्रीचं जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं. शेजारी दोन वाट्या, एकीत हरभऱ्याचे दहा दाणे. बाळ हललं, वळलं, लाथ मारली की एक दाणा दुसऱ्या वाटीत. उचकी मोजायची नाही. दहा दाणे दोन तासांच्या आत सरले पाहिजेत. बहुतेक घरी ते त्याच्या कितीतरी आधी सरतात. बाळ मध्येच वीस-चाळीस मिनिटं झोपतं, त्याने घाबरू नका.

दाण्यांची युक्ती आपल्या मातीतलीच म्हणावी लागेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांच्या मदतीने बाळाचे श्वास मोजायचं साधन बनवलं होतं, न्युमोनिया ओळखण्यासाठी. आकडा येत नसला तरी मणी सरकवता येतो, आणि मणी सरकवणारी बाई वेळेवर धोका ओळखते, हे त्या कामातून दिसलं.

मात्र एक गोष्ट सरळ सांगायला हवी. हालचाली मोजल्या की मूल वाचतंच, असा पुरावा नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक गरोदरपणांवर झालेल्या अभ्यासात (2018) हालचालींबद्दल जागरूकता वाढवूनही मृतजन्मांचं प्रमाण ठळकपणे घटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही रोजच्या मोजणीची सर्वांना शिफारस करत नाही. म्हणून दाणे म्हणजे व्रत नव्हे. एखाद्या दिवशी मोजले नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका. त्यांचा उपयोग एवढाच, की ‘आज काहीतरी कमी वाटतंय’ ही पुसट शंका ‘दोन तास झाले आणि चार दाणे उरले’ या वाक्यात बदलते. सासूला, नवऱ्याला, दवाखान्यात फोनवर सांगायला हे वाक्य उपयोगी पडतं.

दाणे उरले, किंवा हालचाल नेहमीपेक्षा स्पष्ट कमी झाली, तर त्याच रात्री दाखवा. ‘दिवस भरत आले, जागा कमी झाली, म्हणून शांत झालंय’ हे ऐकू नका. शेवटच्या दिवसांत हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळवळ जाणवते. हालचाल थांबत नाही. गार पाणी, साखर, गोड खाऊ घालून तासन्‌तास वाट पाहणं म्हणजे वेळ घालवणं.

ठोके ऐकायचे कसे, समजायचे कसे

फ्रान्समधल्या अदोल्फ पिनार यांनी 1895मध्ये लाकडी नळी आणली. एक टोक पोटावर, दुसरं कानाला. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि शिकलेल्या कानाला 24 आठवड्यांनंतर बाळाचे ठोके त्यातून मिळतात. आता बहुतेक ठिकाणी हातातलं डॉप्लर असतं. पोटावर जेली लावून सिस्टर ते हळूहळू फिरवते, खरखर होते, आणि मग घोडा दुडक्या चालीने धावावा तसा आवाज लागतो. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे तिथे सैल होतात.

तो आवाज बाळाचाच असेल असं नाही. वाऱ्यासारखी सूं सूं ही वारेची किंवा आईच्या रक्तवाहिनीची असू शकते. म्हणून सिस्टर एका हाताने आईच्या मनगटावरची नाडी धरते. आईची नाडी साधारण 70 ते 90, बाळाची तिच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही एकाच तालात वाजत असतील तर ते ठोके आईचे. आपल्याकडच्या प्रशिक्षणात बाळाचे 120 ते 160 ठोके नॉर्मल धरतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात खालची मर्यादा 110 आहे. मोजायचे ते पूर्ण एक मिनिट.

ठोक्यांबद्दल दोन गैरसमज काढून टाका. पहिला: ठोके जास्त म्हणजे मुलगी, कमी म्हणजे मुलगा. यात काही तथ्य नाही. आणि कुठल्याही मार्गाने लिंग विचारणं किंवा सांगणं 1994च्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर 1988मध्येच अशा चाचण्यांवर बंदी आणली होती. दुसरा, अधिक घातक: ठोके लागले म्हणजे बाळ ठणठणीत. वार कमी पडू लागली की बाळ ताकद राखण्यासाठी आधी हालचाल कमी करतं. ठोके पुष्कळदा शेवटपर्यंत चालू असतात. त्यामुळे हालचाल कमी असताना घरच्या डॉप्लरवर ठोके ऐकून निर्धास्त झोपणं हा सगळ्यात महाग पडणारा दिलासा आहे. घरी हौसेखातर डॉप्लर वापरू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही 2014मध्ये दिला होता.

गावाने यंत्र घ्यावं का?

ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळू शकतो. मंडळं, कंपन्या, वर्गणीदारही विचारतात, ‘‘आम्ही काय देऊ?’’ उत्तर देण्याआधी हा क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, चालू स्थितीतलं बी.पी.चं मशीन आणि हिमोग्लोबिन तपासायची सोय. हे नसेल तर डॉप्लर घेण्यात अर्थ नाही. दुसरं, डॉप्लर उपकेंद्रासाठी, कुणाच्या घरासाठी नाही. साधं डॉप्लर काही हजारांत येतं. आकडा दाखवणारा पडदा, स्पीकर, चार्ज होणारे सेल आणि पुण्यात दुरुस्तीची सोय, एवढं पाहा. तिसरं, ते कोण वापरणार, तिला कोण शिकवणार आणि आकडा बिघडलेला दिसला तर ती कोणाला फोन करणार, हे आधी कागदावर लिहा.

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारे प्रयोग झाले आहेत. मुंबईच्या केअरएनएक्स या कंपनीने ‘केअरमदर’ नावाचा संच केला. आरोग्यसेविकेच्या पिशवीत तपासणीची साधनं आणि मोबाइलवर नोंदी, म्हणजे जोखमीची आई डॉक्टरांना दुरून दिसते. त्यांच्याच ‘फीटोसेन्स’मध्ये पोटावर लावलेल्या छोट्या यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा आलेख मोबाइलवर उमटतो आणि तज्ज्ञांकडे पाठवता येतो. नुसता एक आकडा आणि वीस मिनिटांचा आलेख यांत फरक आहे: बाळ हललं की ठोके वाढतात का, हे आलेखात दिसतं. ग्वाटेमालाच्या डोंगरात एमोरी विद्यापीठाच्या मदतीने पारंपरिक सुईणींना मोबाइल आणि स्वस्त डॉप्लर दिलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत ‘अम्बिफ्लो’ हे यंत्र ठोके न मोजता नाळेतल्या रक्ताचा प्रवाह पाहतं, म्हणजे वार थकली आहे का, ते आधी कळावं.

या साऱ्यांत एक धागा समान आहे. यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता, जो आलेख पाहून ‘लगेच या’ म्हणू शकत होता. तो नसेल तर कितीही आधुनिक यंत्र म्हणजे कपाटातली आणखी एक वस्तू.

निघायची तयारी

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994मध्ये तीन उशीर सांगितले: ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. टेप आणि दाणे पहिला उशीर कमी करतात. दुसरा आपणच कमी करायचा.

पावसाळ्यात तारीख असेल तर 37 आठवडे पूर्ण होण्याआधीच खाली उतरा. मळवली, कार्ला, कामशेत, लोणावळा, जिथे नातेवाईक असतील तिथे. बी.पी., जुळी, आधीचं सिझेरियन, कमी वाढ असं काही असेल तर त्याहीआधी, डॉक्टर सांगतील तेव्हा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण सातव्या महिन्यात सासरची नोंद सुटते आणि माहेरची सुरू होत नाही, असं पुष्कळदा होतं. नेमके हेच आठवडे बाळावर लक्ष ठेवायचे असतात. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि रक्तगटाची चिठ्ठी साडीच्या घडीत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा. निघण्याआधी इथल्या आशाताईंना सांगा, पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईंना भेटा.

गाडी दोन ठरवा. 108 ही आपत्कालीन रुग्णवाहिका, 102 गरोदर मातांसाठी. 2011पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. तरीही शनिवार-रविवारी रुग्णवाहिका वर यायला वेळ लागेल हे धरून वाडीतल्या एका गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवा, आणि ती गाडी रुग्णवाहिकेला खाली भेटेल असं ठरवा. पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलंच, तर पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचं ससून ही नावं घरात माहीत असू द्या.

यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका

– बाळाची हालचाल थांबली किंवा स्पष्ट कमी झाली
– अंगावरून रक्त गेलं, थोडंसं का असेना
– पाणी गेलं. ते हिरवट असेल तर क्षणही दवडू नका
– जोराची डोकेदुखी, अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज
– आकडी
– ताप, किंवा न थांबणारी पोटदुखी
– 37 आठवड्यांच्या आधी नियमित कळा

फोनवर तीन वाक्यं पुरेत: किती आठवडे झाले, काय झालं, कधीपासून. ‘‘चौतीस आठवडे. दोन तासांत सहाच हालचाली. काल रात्रीपर्यंत नीट होतं.’’ पलीकडचा माणूस एवढ्यावर निर्णय घेऊ शकतो.

दवाखान्यात गेलात, ठोके तपासले, आलेख काढला आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत पाठवलं, तर फेरा वाया गेला असं घरात कुणी म्हणू नये. पुढच्या वेळी ती बाई बोलायची थांबेल, आणि ती बोलायची थांबली की बाळाची खबर आणणारं वाडीत दुसरं कुणी नाही.

डोहाळजेवणाला वाडीतल्या बायका जमतील, ओटी भरतील, पेढा की बर्फीचा खेळ होईल. त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवा. वर बाळंतपणाची तारीख, खाली आशाताईंचा नंबर, सिस्टरचा नंबर, गाडीवाल्याचं नाव आणि तो नसला तर दुसरा कोण. कागदाखाली फळीवर दोन वाट्या आणि दहा दाणे ठेवा. एखाद्या रात्री चार दाणे वाटीत उरले, तर सासूबाईंनी सुनेला काही विचारायच्या आधी त्या कागदाकडे पाहावं आणि मुलाला हाक मारावी.